परवाना आहे, विद्या कुठे आहे?

पनवेल सोडून पळस्पे ओलांडले आणि गोव्याच्या दिशेने हमरस्ता धरला की थोड्याच वेळात शिरढोण लागते. समोर कर्नाळ्याचा सुळका अंगठ्यासारखा उभा दिसतो. याच गावात ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके जन्मले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी मायभूमीपासून शेकडो कोस दूर, एडनच्या कारावासात त्यांनी देह ठेवला. माझे बालपण याच गावात गेले. नोकरीनिमित्त शहरात स्थायिक होऊन आता तीस वर्षे लोटली. तथापि शक्य तितक्या वेळा मी फेब्रुवारीतल्या पुण्यतिथीला गावी जातोच. स्मारकापाशी माणसे जमतात, पुष्पहार वाहिले जातात, भाषणे होतात आणि पंचक्रोशीतून तरुणांच्या दुचाकी फेऱ्या येतात.

अशाच एका पुण्यतिथीला मी रस्त्याच्या कडेला उभा राहून या फेरीकडे पाहत होतो. साठ-सत्तर गाड्या असतील. पुढच्या गाडीवर ध्वज, मागच्यांवर घोषणा देणारे तरुण. डोक्याला भगवे फेटे, गळ्यात उपरणी. उत्साह असा की पाहणाऱ्याचा ऊर भरून यावा. माझाही आला. परंतु पत्रकाराची एक खोड जात नाही, ती म्हणजे मोजण्याची. मी हेल्मेटे मोजू लागलो. संपूर्ण फेरीत दोन सापडली. त्यांतले एक आरशाला अडकवलेले होते. काही गाड्यांवर तिघे होते. चालवणाऱ्यांपैकी निदान पाच-सहा मुलांना मिसरूडही फुटले नव्हते. कार्यक्रमानंतर मी फेरीच्या प्रमुखाला, जो मला लहानपणापासून ओळखतो, बाजूला घेऊन हा विषय काढला. तो हसून म्हणाला, “काका, हेल्मेट घातलं तर फोटोत ओळखणार कोण?” उत्तर विनोदी होते, आणि दुर्दैवाने खरेही होते.

डोक्याला फेटा असेल तर चालते, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये पगडीधारी शीख बांधवांना सूट आहे. समारंभाच्या फेट्याला ती नाही. पोलीस अशा दिवशी कानाडोळा करतात, ही गोष्ट निराळी. ते हुतात्म्याचा मान राखतात असे आपण समजतो. डांबराला मात्र हा मान राखता येत नाही. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवरील अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांपैकी ७४ हजार ८९७ दुचाकीवरची होती. ज्यांनी हेल्मेट घातले नव्हते असे मृत ५० हजार २९. त्यातही १४ हजारांवर मागे बसलेले. महाराष्ट्राचा आकडा १५ हजार २२४. वाचकहो, आपल्या एखाद्या बऱ्या मोठ्या गावाची लोकसंख्या इतकी असते.

परंतु हा लेख केवळ हेल्मेटविषयी नाही. हेल्मेट हा रोगाचा दिसणारा भाग. रोग असा की, वाहन चालवणे ही शिकण्याची गोष्ट आहे, तिची परीक्षा असते आणि परीक्षेत उत्तीर्ण झाल्याखेरीज रस्त्यावर येऊ नये, हे आपल्या सुशिक्षित, संस्कारी घरांना मनापासून मान्यच नाही. आणि हे मी दुसऱ्यावर बोट ठेवून म्हणत नाही. मला स्वतःची हकीकत सांगणे भाग आहे.

मी मोटारसायकल शिकलो तो १९८६ चा हिवाळा. आमच्या धाकट्या काकांकडे येझदी होती. त्या गाडीची किक आणि गिअरची दांडी एकच. किक मारून ती दांडी पुढे वळवायची आणि तीच पायाखाली गिअर होई. भात कापणी होऊन खाचरे मोकळी झाली होती. काकांनी बांध फोडून केलेल्या वाटेवर गाडी उभी केली, मला बसवले आणि स्वतः मागे बसले. क्लच म्हणजे काय, तो सोडताना बोटे किती हळू उलगडायची, इंजिनाचा आवाज जड झाला की काय समजायचे, हे त्यांनी चार संध्याकाळींत शिकवले. पाचव्या संध्याकाळी मी एकटा बांधापर्यंत जाऊन आलो. त्या दिवशीचा आनंद आजही अंगावर येतो. काकांनी एक सूचना मात्र आवर्जून केली होती: “पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस, तोंडावर आपटशील.” गावात सगळेच हे सांगत. ही सूचना मी वेदवाक्याप्रमाणे पाळली. ती चुकीची होती हे कळायला मला चार वर्षे लागली आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली.

त्या वेळी माझे वय सोळा. परवाना नव्हता, असावा असे कुणाच्या मनातही आले नाही. घरात रोज सायंप्रार्थना होई, खोटे बोलल्यास शिक्षा होई, शेजाऱ्याच्या झाडाचा आंबा न विचारता उचलला तर परत ठेवून यावे लागे. त्याच घरातील मुलगा विनापरवाना हमरस्त्यावर गाडी घेऊन जातो, यात कुणालाही विसंगती दिसली नाही. वडीलधाऱ्यांच्या नीतिकल्पनेत रस्ता नव्हताच. रस्ता सरकारचा, आणि सरकारशी कसेही वागावे, ही पारतंत्र्यातून आलेली सवय स्वातंत्र्यानंतर चाळीस वर्षांनीही गेली नव्हती. ती अजून तरी कुठे गेली आहे?

पुढे शिक्षणासाठी मी एका मोठ्या शहरात होतो. १ जुलै १९८९ पासून नवा मोटार वाहन कायदा लागू झाला होता आणि पोलिसांची तपासणी वाढली होती, म्हणून परवाना काढायचे ठरवले. कार्यालयाच्या फाटकाबाहेर झाडाखाली एक गृहस्थ टेबल मांडून बसत. त्यांनी माझ्याकडून छायाचित्रे घेतली, चार ठिकाणी सह्या घेतल्या आणि ठरलेली रक्कम घेतली. पक्क्या परवान्याच्या दिवशी मी गाडी घेऊन गेलोसुद्धा नव्हतो. दुपारी परवाना हातात आला. त्या पुस्तिकेवर असे लिहिले होते की हा मनुष्य मोटारसायकल चालवण्यास सक्षम असल्याची परीक्षा घेण्यात आली आहे. परीक्षा घेतली गेली नव्हती. अधिकारी खोटे बोलला, दलाल खोटे बोलला, आणि माझी सही त्या खोट्याखाली होती. मी मात्र मित्रांना पेढे दिले.

जून १९९० मधील पहिल्या पावसाचा दिवस. मी आणि माझा एक बालमित्र तारा गावाकडून शिरढोणला परतत होतो. कर्नाळ्याच्या खिंडीत रस्ता अभयारण्यातून वळणे घेत उतरतो. पहिल्या सरीने रस्त्यावरचे तेल आणि धूळ वर आणली होती. डांबर साबणासारखे झाले होते. एका वळणावर समोर बंद पडलेला ट्रक दिसला. मी सर्व ताकदीनिशी मागचा ब्रेक दाबला. मागचे चाक जागीच थांबले आणि गाडी आडवी होत घसरत गेली. मला खरचटले. मित्राचा उजवा गुडघा गाडी आणि दगड यांच्यात सापडला. तीन शस्त्रक्रिया झाल्या. तो त्या वर्षी सैन्यभरतीची तयारी करत होता.

त्याचा गुडघा आजही पुरता दुमडत नाही. गावात कुणाकडे लग्नकार्य असले की पंगतीत त्याच्यापुरती खुर्ची मांडावी लागते. त्याने मला कधीही एका शब्दाने दोष दिला नाही. “पाऊस होता रे,” एवढेच तो म्हणतो. परंतु मला ठाऊक आहे की दोष पावसाचा नव्हता. ब्रेक लावला की गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो. त्यामुळे थांबवण्याची अधिक शक्ती पुढच्याच ब्रेकमध्ये असते. मागचे चाक हलके होते आणि एकट्या त्याच्यावर जोर दिला तर ते घसरते. पुढचा ब्रेक हळुवार, वाढत्या दाबाने, मागच्याच्या जोडीने लावायचा असतो, आणि तोही गाडी सरळ असताना. ओल्या रस्त्यावर मुळात वेग आधीच उतरवायचा असतो. ही चार वाक्ये मला कुणी सांगितली नव्हती, आणि ती मला येतात की नाही हे तपासण्याची ज्याची जबाबदारी होती त्याला मी पैसे देऊन तपासू दिले नव्हते. १ एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना चाक अडकू न देणारी एबीएस यंत्रणा आणि त्याखालील गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागणारी व्यवस्था सक्तीची झाली. माणसे शिकत नाहीत म्हणून यंत्राला शिकवावे लागले, असे मला कधीकधी वाटते.

हे सारे पुन्हा वर येण्याचे कारण माझी पुतणी. शिरढोणला थोरल्या भावाकडे एकच मोटारसायकल आहे. पुतणी पनवेलला प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम करते. सकाळी मिनीडोर मिळाली तर मिळाली, संध्याकाळी परतताना फाट्यावर तास-तासभर उभे राहायचे. अठरा पूर्ण झाल्यावर तिने सांगितले की ती मोटारसायकल शिकणार. घरात कुजबूज झाली. मुलीला स्कूटर पुरे, असे वहिनी म्हणाल्या. पुतणीचे उत्तर व्यवहारी होते: स्कूटर घरात नाही, मोटारसायकल आहे. ती शिकली भावाच्या देखरेखीखाली, त्याच खाचरांत. मात्र तिने एक गोष्ट आमच्या पिढीहून निराळी केली. आधी शिकाऊ परवाना काढला, गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल रंगात ‘एल’ लावला आणि मगच गाडी रस्त्यावर आणली. नियमानुसार शिकणाऱ्याच्या मागे फक्त परवानाधारक शिकवणारा बसू शकतो. मैत्रिणीने मागे बसण्याचा हट्ट धरला तेव्हा तिने नकार दिला. मैत्रीण आठवडाभर बोलली नाही म्हणे.

शिकाऊ परवाना मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत पक्क्या परवान्याची परीक्षा देता येत नाही. हे तीस दिवस सरावासाठी असतात. तिने ते मोजून वापरले. परीक्षेच्या दिवशी आठचा आकडा काढायचा होता. दुसऱ्या वळणावर वेग फार उतरला, तोल गेला आणि पाय जमिनीला टेकला. नापास.

त्या संध्याकाळी भावाचा मला दूरध्वनी आला. तो म्हणाला, “अरे, दोन-अडीच हजारांत काम होतंय. ओळखीचा माणूस आहे. पोरीची उगाच परवड कशाला?” माझा भाऊ सज्जन आहे. आयुष्यात त्याने कुणाचा पैसा बुडवला नाही. गावातील प्रत्येक सार्वजनिक कामात तो पुढे असतो. पस्तीस वर्षांपूर्वी झाडाखालच्या टेबलापाशी मी जे बोललो असेन, तेच तो बोलत होता. मी गप्प राहिलो, कारण त्याला उपदेश करण्याचा अधिकार मला होता का, हेच मला कळेना. प्रश्न पुतणीनेच सोडवला. तिने बापाच्या हातून फोन घेतला आणि म्हणाली, “काका, मला आठ येत नाही म्हणून त्यांनी नापास केलं. येईल तेव्हा पास करतील. यात परवड कसली?” पुढचे दहा दिवस रोज संध्याकाळी स्मारकाजवळच्या मोकळ्या जागेत चुन्याने आठ आखून ती फिरत राहिली. लोक बघत, हसत, एक-दोघे शेरेही मारत. दुसऱ्या वेळी ती उत्तीर्ण झाली. आठ काढताना नजर चाकापाशी न ठेवता पुढच्या वळणाकडे ठेवायची आणि क्लच किंचित दाबून मागच्या ब्रेकने वेग सांभाळायचा, ही युक्ती तिने मला समजावून सांगितली. छत्तीस वर्षांचा परवानाधारक तिच्यासमोर विद्यार्थ्यासारखा उभा होता.

आता तिच्या धाकट्या भावाविषयी. त्याचे वय सोळा. त्याचे म्हणणे असे की सोळाव्या वर्षी बिनगिअरच्या गाडीचा परवाना मिळतो, म्हणून त्याला स्कूटर घेऊन द्यावी. हा समज शहरांतील कितीतरी उच्चशिक्षित घरांतही मी ऐकला आहे. कायदा असे म्हणत नाही. कलम ४ नुसार सोळा वर्षे पूर्ण झालेल्यास ५० सीसीपेक्षा अधिक नसलेल्या इंजिनाची दुचाकी चालवता येते. ही सवलत लुनाच्या काळातील आहे. नगरच्या कायनेटिकची ती लुना अनेक वाचकांच्या घरी असेल; पायडल मारून सुरू होणारी, चढावर पुन्हा पायडल मागणारी. आज ज्या स्कूटर सोळा वर्षांच्या मुलांच्या हाती दिसतात त्यांचे इंजिन ११० किंवा १२५ सीसीचे असते. गिअर नसल्याने ती लहान होत नाही. क्लासच्या बाहेर सायंकाळी सहा वाजता कुठल्याही शहरात उभे राहावे आणि दहावी-अकरावीची मुले कशावरून येतात ते पाहावे. त्या प्रत्येक गाडीची किल्ली कुणीतरी पालकाने दिलेली असते.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगर येथे एका सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातील आलिशान मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. मूळचे मध्य प्रदेशातील तरुण आणि तरुणी, दोघांचीही वये चोवीस. बाल न्याय मंडळाने त्या मुलाला तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घालून जामीन दिला आणि देशभर संतापाची लाट उसळली. संताप योग्यच होता. आमच्या सोसायटीतही त्या दिवशी चार माणसे जिन्यात उभी राहून धनदांडग्यांच्या मस्तीवर बोलत होती. त्यांपैकी दोघांची अल्पवयीन मुले त्याच वेळी स्कूटरवरून फाटकाबाहेर पडत होती. मोटार कोट्यवधीची आणि स्कूटर लाखाची, एवढा फरक मान्य. मद्याचा प्रश्नही तेथे होता. परंतु ‘मुलगा चालवतो छान, आम्हाला विश्वास आहे’ हे वाक्य दोन्ही घरांत एकच असते.

कायद्याने याची दखल घेतलेली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९अ नुसार अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालक अथवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पंचवीस हजारांचा दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. आपल्याला माहीत नाही, त्याचे ओझे ते मूल नऊ वर्षे वाहते. शिवाय विनापरवाना चालकाच्या हातून कुणी जखमी झाले तर विमा कंपनी भरपाई देते आणि ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. घर, शेत, आयुष्यभराची पुंजी एका किल्लीवर टांगलेली असते.

परीक्षेच्या बाजूनेही बरेच बोलता येईल. आठचा आकडा हा तोलाचा कस आहे आणि तो हवाच. पण तो धावण्याच्या वेगाहून थोड्या अधिक वेगात पार पडतो. हमरस्त्यावर साठच्या वेगाने जाताना अचानक थांबायचे कसे, हे त्यातून कळत नाही. जी गोष्ट मला कर्नाळ्याच्या खिंडीत येत नव्हती ती आजच्याही परीक्षेत तपासली जात नाही. २०२१ पासून महाराष्ट्रात शिकाऊ परवान्याची चाचणी आधारच्या साहाय्याने घरबसल्या देता येते. सोय उत्तम, पण मुलाच्या जागी घरातील दुसरेच कुणी उत्तरे देते, अशा तक्रारीही तेव्हापासूनच येऊ लागल्या. झाडाखालचे टेबल उचलले गेले आणि ते दिवाणखान्यात येऊन बसले! पुण्यात मोटारीच्या पक्क्या परवान्याची परीक्षा भोसरीच्या स्वयंचलित मार्गावर घेण्याची व्यवस्था झाली, जिथे चाक रेषेवर गेले की यंत्र नोंद करते आणि ओळखीपाळखीला वाव राहत नाही. दुचाकींसाठी, निदान प्रत्येक जिल्ह्यात, तशी व्यवस्था झाली पाहिजे. ज्या वाहनावर सर्वाधिक माणसे मरतात त्याची परीक्षा सर्वांत हलकी असावी, हे कोणत्या तर्कात बसते?

नियम आणि शिस्त यांत पुढाकार कोण घेतो याचे एक उदाहरण इंग्लंडमधील आहे. अरबस्तानातील पराक्रमामुळे प्रसिद्ध झालेला टी. ई. लॉरेन्स १३ मे १९३५ रोजी मोटारसायकलवरून पडला आणि सहा दिवसांनी मरण पावला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. त्या मृत्यूची बोच त्यांच्या मनात राहिली. पुढे महायुद्धात लष्करी निरोप्यांच्या मोटारसायकल अपघातांचा त्यांनी अभ्यास केला, १९४१ मध्ये तो प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या मोटारसायकलस्वारांना शिरस्त्राण सक्तीचे केले. सर्वसामान्य नागरिकांवर ती सक्ती यायला १९७३ साल उजाडले. म्हणजे बत्तीस वर्षे आधी शिस्त स्वीकारली ती लष्कराने. गणवेश घालणाऱ्याने आधी, मग समाजाने. आपल्याकडे मात्र पुण्यासारख्या विद्येच्या नगरीत हेल्मेटसक्तीविरुद्ध कृती समिती स्थापन होते आणि सर्वपक्षीय मंडळी तिच्या व्यासपीठावर एकत्र येतात. इतर कोणत्या विषयावर ती एकत्र आलेली दिसतात?

फडक्यांच्या चरित्रातील एक तपशील मला अलीकडे वारंवार आठवतो. घराण्यात शौर्याची परंपरा होती. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. तरीही पुण्यात लष्करी हिशेबखात्यात कारकुनी करत असताना ते लहुजी वस्तादांकडे गेले आणि त्यांच्या हाताखाली शस्त्रविद्या शिकले. आजोबांचा किल्ला दाखवून त्यांनी वस्तादांकडून सूट मागितली असेल असे वाटत नाही. तालमीत माती अंगाला लागतेच. ज्यांच्या नावाने आपण फेरी काढतो ते शिकल्यानंतर मैदानात उतरले, आणि त्या फेरीतील मुले मात्र शिकण्याआधी उतरतात.

म्हणून येत्या पुण्यतिथीसाठी मी गावातील कार्यकर्त्यांना एक लेखी सूचना दिली आहे. फेरी निघण्याच्या ठिकाणी दोन ज्येष्ठांनी उभे राहावे. परवाना दाखवणाऱ्यालाच गाडी फेरीत घेऊ द्यावी. हेल्मेट नसेल तर त्याने पायी यावे. स्मारक काही फार लांब नाही. एका गाडीवर दोघेच, आणि दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट. फेटे स्मारकापाशी पोहोचल्यावर बांधावेत, छायाचित्रे तेथे काढावीत. सूचनेवर चर्चा झाली. असे केल्यास फेरीत पंधराच गाड्या उरतील, अशी भीती एकाने व्यक्त केली. दुसरा म्हणाला की पंधरा तर पंधरा. निर्णय अजून झालेला नाही.

धाकट्या पुतण्याला मी गेल्या भेटीत स्पष्ट सांगितले की अठरा होईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. लावला तर मी तुझ्या बापालाच नव्हे, पोलिसांनाही कळवीन. तो रागावला. भाऊही जरा नाराज झाला. घरातल्या गोष्टीत पोलीस कशाला, असे त्याला वाटले. वहिनींनी मात्र न बोलता खुंटीवरची किल्ली काढून पुतणीच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा तो मित्र, पाय ओढत, भेटायला आला. सगळे त्याच्या कानावर गेलेले होते. ओटीवर खुर्चीत बसून चहा घेत त्याने पुतण्याला जवळ बोलावले आणि विचारले, “अठरा व्हायला किती महिने आहेत?” पुतण्याने बोटांवर मोजून एकोणीस सांगितले. “मग वेळ आहे,” मित्र म्हणाला. “गाडी नंतर. आधी सायकल काढ, आणि मला दोन्ही ब्रेक लावून थांबून दाखव.”